गोंगाटातून मापाकडे

क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा एका टोकाशी जोडून ते टोक भट्टीत ठेवले, तर तारांच्या मोकळ्या टोकांमध्ये दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका विद्युत दाब निर्माण होतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे ‘के’ प्रकारचे थर्मोकपल याच गुणधर्मावर चालते. भट्टीच्या तापमानातील दशांश अंशाचा बदल टिपायचा असेल, तर साधारण चार मायक्रोव्होल्टचा फरक ओळखता आला पाहिजे. पण त्याच तारांना लागून मोटारीला वीज पुरवणारी केबल जात असेल, तर तिच्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रामुळे त्या तारांत कित्येक मिलिव्होल्टचा, म्हणजे या फरकाच्या हजारपटीहून मोठा, ५० हर्ट्झचा दाब शिरलेला असू शकतो. असे असूनही चांगले उपकरण ते तापमान बिनचूक दाखवते. केवळ उपकरणाची संवेदनशीलता वाढवून हे साधत नाही, कारण अधिक संवेदनशील उपकरण हव्या असलेल्या दाबाबरोबर नको असलेला दाबही तितक्याच इमानाने वाढवून दाखवते. ते साधते एका पूर्वज्ञानामुळे: भट्टीचे तापमान सावकाश बदलते आणि घुसखोर दाब सेकंदाला पन्नास वेळा नियमाने वरखाली होतो, हे मोजणाऱ्याला मोजण्याआधीच ठाऊक असते. हव्या संकेताचे आणि नकोशा गोंगाटाचे रूप आधी जाणून घेणे आणि त्या जाणिवेला गणिती क्रियेचे रूप देणे, यालाच मापनातील संकेत-प्रक्रिया म्हणतात. तिच्या सगळ्या रीती, वरवर कितीही निराळ्या दिसल्या, तरी याच एका पायावर उभ्या आहेत, आणि जेथे हे पूर्वज्ञान चुकते तेथे त्या रीतीही तितक्याच ठामपणे चुकीचे उत्तर देतात.

गोंगाट हा शब्द येथे कानाला ऐकू येणाऱ्या आवाजासाठी नसून, मोजायच्या राशीत मिसळलेल्या प्रत्येक अनिष्ट चढउतारासाठी आहे. त्यातील काही भाग बाहेरून येतो आणि तो आवरण, जोडणी व योग्य भूसंपर्क यांनी बराच कमी करता येतो. पण काही भाग पदार्थाच्या स्वभावातच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी प्रयोगाने आणि हॅरी नायक्विस्ट यांनी सिद्धांताने १९२८ मध्ये दाखवून दिले, की कोणत्याही रोधकाच्या दोन टोकांमध्ये, त्यातून प्रवाह सोडलेला नसतानाही, इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे सतत बारीकसा दाब थरथरत असतो. त्या दाबाचा वर्ग तापमानाच्या, रोधाच्या आणि आपण किती रुंद वारंवारता-पट्ट्यातून पाहतो त्या पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. एक किलोओहमच्या रोधकाचा हा गोंगाट खोलीच्या तापमानाला एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सुमारे चार नॅनोव्होल्ट, तर दहा हजार हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात शंभरपट, म्हणजे ४०० नॅनोव्होल्ट असतो. तापमान आणि रोध बदलणे पुष्कळदा हाती नसते. पट्ट्याची रुंदी मात्र असते. म्हणून पट्टा अरुंद करणे, म्हणजे दुसऱ्या शब्दांत अधिक वेळ घेऊन मोजणे, हा अचूकतेचा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग ठरला.

एकाच राशीची वाचने अनेकदा घेऊन त्यांची सरासरी काढणे हे त्या मार्गावरचे पहिले पाऊल. वाचनांतील चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांची बेरीज करताना एकाचा वरचा कल दुसऱ्याच्या खालच्या कलाने अंशतः खोडला जातो आणि सरासरीतील अनिश्चितता वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. शंभर वाचनांनी ती दहापट घटते, पण आणखी दहापट घटवण्यासाठी दहा हजार वाचने लागतात. येथवरचे गणित शाळकरी वाटावे इतके सोपे आहे, आणि म्हणूनच ते आंधळेपणाने वापरले जाते. प्रत्यक्षातील प्रत्येक विवर्धकात, म्हणजे संकेत मोठा करणाऱ्या मंडलात, कमी वारंवारतेकडे जावे तसतसा वाढत जाणारा आणखी एक गोंगाट असतो. त्याची शक्ती साधारणपणे वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असते. त्याच्या शेजारशेजारच्या वाचनांतील चढउतार स्वतंत्र नसतात, तर एकाच दिशेला हळूहळू वाहवत जातात. अशा वेळी जास्त वेळ सरासरी घेत राहिल्याने अनिश्चितता घटण्याचे थांबते आणि पुढे तापमान किंवा उपकरणाचे वय यांमुळे होणारे सरकणे मिसळले की ती उलट वाढूही लागते. किती वेळ सरासरी घ्यावी याचे उत्तर अंदाजाने देण्याऐवजी मोजून देण्याची रीत डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये अणुघड्याळांच्या संदर्भात मांडली. तीत लागोपाठच्या दोन सरासऱ्यांमधील फरक वेगवेगळ्या कालावधींसाठी तपासला जातो आणि तो ज्या कालावधीला सर्वांत कमी भरतो तेथे थांबावे असे ठरते. आज दाब, रोध, चुंबकीय क्षेत्र अशा कोणत्याही राशीच्या मापनाला ही कसोटी लावतात आणि ती न लावता दीर्घ सरासरीवर भिस्त ठेवणारे मापन संशयास्पदच मानले पाहिजे.

थर्मोकपलच्या तारेतील ५० हर्ट्झचा दाब मात्र यादृच्छिक नाही. तो नियमित आहे, आणि ही नियमितताच त्याच्या निवारणाला उपयोगी पडते. ज्या तरंगाचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग सारखा आहे, त्याची बेरीज बरोबर एका पूर्ण आवर्तनावर केली तर ती शून्य येते. ५० हर्ट्झचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. तेव्हा उपकरणाने क्षणिक दाब न टिपता बरोबर २० मिलिसेकंद, किंवा त्याच्या पूर्ण पटीइतका वेळ, दाब साठवत राहावे आणि मग त्याची सरासरी सांगावी, म्हणजे वीजपुरवठ्याचा शिरकाव आपोआप खोडला जातो, आणि त्याबरोबर १००, १५०, २०० हर्ट्झ अशा त्याच्या सर्व गुणितांचाही. अमेरिकेत पुरवठा ६० हर्ट्झचा असल्याने तेथील आवर्तन सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे असते. पण १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा आवर्तने पूर्ण बसतात, म्हणून दोन्हीकडे विकायच्या उपकरणांत हा कालावधी सोयीचा पडतो.

हे तत्त्व ज्या मंडलाने घरोघरच्या डिजिटल मल्टिमीटरपर्यंत पोचवले ते दुहेरी उताराचे रूपांतरक म्हणून ओळखले जाते, आणि त्याची रचना थांबून पाहण्याजोगी आहे. मोजायचा दाब एका रोधकातून कपॅसिटरला, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकाला, ठरावीक काळ जोडून ठेवतात. या काळात कपॅसिटरवरचा दाब एका उताराने चढतो. नंतर मोजायचा दाब काढून घेऊन, उलट दिशेचा एक ज्ञात संदर्भ दाब जोडतात आणि कपॅसिटर पुन्हा शून्यावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळाच्या ठोक्यांनी मोजतात. चढण्याचा काळ आणि उतरण्याचा काळ यांच्या गुणोत्तरावरून अज्ञात दाब मिळतो. कपॅसिटर आणि रोधक यांची मूल्ये चढताना आणि उतरताना तीच असल्याने गुणोत्तरातून ती निघून जातात, घड्याळाचा वेगही तसाच निघून जातो. उरतो तो फक्त संदर्भ दाब. स्वस्त, थोडेसे चुकार घटक वापरूनही अचूक माप मिळवण्याची ही युक्ती अभियांत्रिकीच्या उत्तम कल्पनांपैकी एक मानावी लागेल. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. भारतीय वीजजाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखणे अपेक्षित असते, ती ४९.९ वर असताना २० मिलिसेकंदांत आवर्तन पूर्ण होत नाही आणि शिरलेल्या दाबाचा सुमारे पाचशेवा भाग मापात उरतो. शिरकाव पाच मिलिव्होल्टचा असेल तर उरलेला भाग दहा मायक्रोव्होल्टपर्यंत जातो, म्हणजे थर्मोकपलच्या हिशोबात पाव अंश. म्हणून चांगली उपकरणे पुरवठ्याची वारंवारता स्वतः मोजून साठवणीचा काळ तिच्याशी जुळवून घेतात किंवा अनेक आवर्तनांवर सरासरी घेतात.

काही चुका अशा असतात की त्या अजिबात बदलत नाहीत, आणि त्यामुळे कितीही सरासरी घेतली तरी हलत नाहीत. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांवर तापमानातील किंचित फरकानेही मायक्रोव्होल्टच्या श्रेणीतला दाब निर्माण होतो. एखाद्या तांब्याच्या पट्टीचा काही मायक्रोओहमचा रोध मोजताना हा दाब खऱ्या संकेताला गिळून टाकतो. उपाय साधा आहे: पट्टीतून प्रवाह एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने सोडावा. रोधामुळे येणारा दाब प्रवाहाबरोबर चिन्ह बदलतो, सांध्यांवरचा दाब बदलत नाही. दोन्ही वाचनांच्या वजाबाकीचा अर्धा घेतला की सांध्यांचा दाब नाहीसा होतो. हीच कल्पना पुढे ताणली की मापनशास्त्रातील एका विलक्षण समर्थ साधनाशी आपण येऊन पोचतो. प्रवाहाची दिशा दोनदा बदलण्याऐवजी सेकंदाला शेकडो वेळा, ठरलेल्या तालावर बदलावी, म्हणजे मोजायचा संकेत कमी वारंवारतेच्या गढूळ प्रदेशातून उचलला जाऊन एका निवांत वारंवारतेवर नेला जातो, आणि नंतर त्याच तालाने त्याला परत खाली आणता येते.

या साधनाला लॉक-इन विवर्धक म्हणतात. त्यात येणारा मिश्र संकेत, ज्या तालावर प्रयोग चालवला आहे त्याच तालाच्या संदर्भ तरंगाने गुणला जातो. दोन तरंगांची वारंवारता आणि कला, म्हणजे आवर्तनातील त्यांचे स्थान, जुळत असेल तर गुणाकाराला एक स्थिर भाग येतो. वारंवारता वेगळी असेल तर गुणाकार केवळ वरखाली होत राहतो आणि सरासरीत विरून जातो. दहा मायक्रोअँपिअर प्रवाह एक मिलिओहमच्या नमुन्यातून सोडला तर संकेत फक्त दहा नॅनोव्होल्टचा असतो. विवर्धकाचा गोंगाट एक हर्ट्झच्या पट्ट्यात पाच नॅनोव्होल्ट धरला, तर एक लाख हर्ट्झ रुंद पट्ट्यात तो सुमारे १,६०० नॅनोव्होल्ट होतो आणि संकेत त्यात दीडशेपटीहून खोल बुडालेला असतो. गुणाकारानंतर २५ सेकंद कालांकाच्या साध्या गाळणीतून सरासरी घेतली की परिणामी पट्टा हर्ट्झच्या शंभराव्या भागाइतका अरुंद होतो, गोंगाट अर्ध्या नॅनोव्होल्टवर येतो आणि तोच संकेत आता गोंगाटाच्या वीसपट उठून दिसतो. यासाठी निवडलेली वारंवारता ५० च्या कोणत्याही पटीजवळ नसावी, हा नियम प्रयोगशाळांत कसोशीने पाळतात. १०० किंवा १५० ऐवजी १३७ हर्ट्झसारखा आडवातिडवा आकडा घेतला जातो तो त्यामुळेच.

रॉबर्ट डिकी यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेडिओमापीत ही कल्पना आकाशाच्या मापनासाठी वापरली. अँटेनातून येणारी उष्णताजन्य सूक्ष्मलहरी प्रारणे इतकी क्षीण असतात की ग्राहक यंत्राच्या वर्धनात होणारे सावकाश बदल त्यांना झाकून टाकतात. म्हणून डिकी यांनी ग्राहकाला आळीपाळीने अँटेनाकडे आणि ज्ञात तापमानाच्या एका वस्तूकडे झपाट्याने वळवत ठेवले आणि केवळ त्या तालावर बदलणारा फरक मोजला. रेडिओ खगोलशास्त्राने पुढे आणखी एक रीत विकसित केली ती सहसंबंधाची. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनाच्या विवर्धकाचा गोंगाट आपापला, दुसऱ्याशी संबंध नसलेला असतो. दोन अँटेनांत समान असते ते फक्त आकाशातून आलेले प्रारण. तेव्हा कोणत्याही दोन अँटेनांचे संकेत, पोचण्यातील विलंबाची भरपाई करून, एकमेकांशी गुणले आणि सरासरी घेतली की विवर्धकांचे गोंगाट विरतात आणि आकाश उरते. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार एकाच वेळी, अनेक वारंवारतांवर चालू असतो. त्या परिसरातील वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचे क्षणिक, अतितीव्र धक्के मात्र सरासरीला जुमानत नाहीत, कारण एकच मोठा धक्का अख्खी सरासरी बिघडवतो. म्हणून तेथे मध्यकावर आधारलेली गाळणी प्रत्यक्ष वेळेत चालवतात. वाचने चढत्या क्रमाने लावली असता मधोमध येणारे मूल्य म्हणजे मध्यक, आणि टोकाची दोनचार मूल्ये कितीही विपरीत असली तरी मध्यक जागचा फारसा हलत नाही. त्याच्यापासून जे वाचन बेताबाहेर दूर पडते ते बाजूला काढले जाते.

सहसंबंधाच्या याच रीतीने गोंगाटाला चक्क मोजायची राशी बनवले. एकाच रोधकाला दोन स्वतंत्र विवर्धक जोडले आणि त्यांचे संकेत गुणून सरासरी घेतली, तर विवर्धकांचे गोंगाट गळून रोधकाचा जॉन्सन गोंगाट तेवढा शिल्लक राहतो आणि त्यावरून तापमान काढता येते. बीजिंग येथील राष्ट्रीय मापनविज्ञान संस्थेने अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेच्या सहकार्याने २०१७ मध्ये या मार्गाने बोल्ट्झमन स्थिरांक दहा लाखात तीनहून कमी भागांच्या अनिश्चिततेने मोजला, आणि २० मे २०१९ पासून केल्विन हे तापमानाचे एकक ज्या निश्चित केलेल्या स्थिरांकावर उभे आहे त्याचे मूल्य ठरवण्यात या मापनाचाही वाटा आहे.

आतापर्यंतच्या क्रिया सलग संकेतावर करता येतात. आज मात्र त्या बहुतेक संगणकीय आकड्यांवर होतात, आणि त्यासाठी संकेताचे ठरावीक अंतराने नमुने घ्यावे लागतात. संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ संकेत पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो, हा सिद्धांत कोटेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडला. त्याचा उलट अर्थ मापनात अधिक महत्त्वाचा आहे. सेकंदाला ५,००० नमुने घेणाऱ्या उपकरणात ४,९०० हर्ट्झचा घुसखोर शिरला, तर त्याचे नमुने १०० हर्ट्झच्या तरंगाच्या नमुन्यांसारखेच दिसतात, आणि एकदा आकडे झाल्यावर जगातील कोणतेही गणित त्या दोघांत भेद करू शकत नाही. म्हणून उच्च वारंवारता अडवणारी गाळणी नमुने घेण्यापूर्वी, म्हणजे संकेत अजून सलग असतानाच, लावावी लागते. ती वाचवून नंतर संगणकात सुधारणा करू पाहणारी रचना मुळातच फसलेली असते.

नमुन्याचे मूल्य ठरावीक पायऱ्यांत बसवावे लागते हा दुसरा अडसर. दहा व्होल्टची व्याप्ती १६ बिटांच्या रूपांतरकाने ६५,५३६ पायऱ्यांत विभागली तर प्रत्येक पायरी सुमारे १५३ मायक्रोव्होल्टची पडते. अगदी स्थिर, गोंगाटविरहित दाब मोजला तर प्रत्येक वेळी तीच पायरी मिळत राहते आणि सरासरी घेऊन काहीच पदरी पडत नाही. त्या दाबात पायरीच्या उंचीएवढा यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळला तर वाचने शेजारच्या पायऱ्यांत विभागली जातात. किती वाचने वर गेली आणि किती खाली राहिली यावरून पायरीच्या आतले स्थान कळते. गोंगाटाशी झगडणाऱ्या शास्त्रात गोंगाटच अचूकतेला मदत करतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी पटायला अवघड, पण रोजच्या उपयोगाची आहे. तिचा पुढचा टप्पा जपानमध्ये इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या डेल्टा-सिग्मा पद्धतीत दिसतो. तेथे एकाच बिटाचा, म्हणजे ‘वर’ की ‘खाली’ एवढेच सांगणारा, ओबडधोबड रूपांतरक गरजेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने चालवतात आणि प्रत्येक वेळी झालेली चूक साठवून पुढच्या निर्णयात तिची फेड करायला लावतात. त्यामुळे चुकांची एकूण शक्ती कमी होत नाही, पण ती मोजायच्या कमी वारंवारतेच्या पट्ट्यातून हाकलली जाऊन उच्च वारंवारतेकडे जाते, आणि तेथून अंकीय गाळणी तिला काढून टाकते. थर्मोकपल, वजनकाटे, पट्टी-ताणमापके यांसाठी मिळणाऱ्या २४ बिटांच्या चिपा याच रीतीच्या असतात, आणि त्यांतील गाळणी बहुधा अशी आखलेली असते की तिचे शून्य नेमके ५० आणि ६० हर्ट्झवर पडावे.

वीजपुरवठ्याचेच मापन करायचे असेल तेव्हा घुसखोर समजला गेलेला ५० हर्ट्झचा तरंग स्वतःच संकेत होतो. एलईडी दिवे, संगणक, चार्जर ही उपकरणे प्रवाह ज्या वक्र रेषेत ओढतात ती साइन तरंगासारखी नसून आवर्तनाच्या शिखराजवळ उसळणारी असते. जुन्या धाटणीची मीटरे प्रवाहाच्या चिन्हविरहित मूल्यांची साधी सरासरी घेऊन तिला १.११ ने गुणत. हा गुणक फक्त शुद्ध साइन तरंगालाच लागू असल्याने अशा प्रवाहात ती बरेच कमी माप दाखवतात. खरे मूल्य हवे असेल तर प्रत्येक नमुन्याचा वर्ग करून, वर्गांची सरासरी घेऊन, तिचे वर्गमूळ काढावे लागते. तरंगातील १५०, २५०, ३५० हर्ट्झचे घटक वेगळे मोजण्यासाठी कूली आणि ट्युकी यांच्या १९६५ च्या जलद फूरिए रूपांतराचा उपयोग होतो. पण निवडलेल्या कालखंडात आवर्तने पूर्ण बसली नाहीत तर एका वारंवारतेची शक्ती शेजारच्या वारंवारतांत पाझरते आणि मोठ्या घटकाशेजारचा लहान घटक झाकला जातो. कालखंडाच्या दोन्ही कडा हळुवार शून्यावर आणणाऱ्या खिडक्या, उदाहरणार्थ ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ युलिउस फॉन हान यांच्या नावाची, हा पाझर कमी करतात. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या मानकाने मात्र अधिक मूलगामी तोडगा स्वीकारला: ५० हर्ट्झच्या जाळ्यात बरोबर दहा आवर्तनांचा, सुमारे २०० मिलिसेकंदांचा कालखंड घ्यावा आणि तो जाळ्याच्या प्रत्यक्ष वारंवारतेशी बांधलेला असावा.

विजेच्या बिलाशी थेट जोडलेली चूक याहून सूक्ष्म असते. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा क्षणोक्षणीचा गुणाकार. प्रवाह मोजणाऱ्या परिवर्तकात कलेची चूक फक्त ०.१ अंशाची असली, तर शक्ती गुणांक एक असताना तिचा परिणाम नगण्य असतो, पण गुणांक ०.५ असताना ती मापात सुमारे ०.३ टक्क्यांची आणि ०.१ असताना सुमारे पावणेदोन टक्क्यांची चूक घडवते. आधुनिक मीटरमध्ये ही चूक कारखान्यात मोजून, एका संकेताला काही मायक्रोसेकंदांचा विलंब देऊन भरून काढतात.

कलेचे हेच माप शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उपकेंद्रांमध्ये एकाच क्षणी घ्यायचे ठरवले तेव्हा वीजजाळ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अरुण फडके १९७० च्या दशकात अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत वाहिन्यांच्या संरक्षणासाठी संगणकीय रिले बनवत होते. त्या कामात दाब आणि प्रवाह यांचे सममित घटक नमुन्यांवरून झटपट काढण्याची रीत हाती आली, आणि संरक्षणापलीकडे त्या घटकांच्या कलेचे स्वतःचे मोल आहे हे त्यांच्या ध्यानात आले. कारण दोन ठिकाणच्या दाबांतील कलांतर त्यांमधून किती शक्ती वाहते आणि जाळे किती ताणलेले आहे ते थेट सांगते. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांनी १९८८ मध्ये, जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी नमुने बांधणारे पहिले कलासदिश-मापक, म्हणजे तरंगाची उंची आणि कला एकत्र मोजणारे, यंत्र घडवले. जेम्स थॉर्प यांच्यासह त्यांना या कार्यासाठी २००८ चे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. ५० हर्ट्झला एक मायक्रोसेकंदाची वेळेतील चूक म्हणजे ०.०१८ अंश. अशा यंत्रांसाठीच्या मानकाने मान्य केलेली एक टक्क्याची एकूण चूक केवळ वेळेमुळे झाली असे धरले, तर तिला सुमारे ३२ मायक्रोसेकंद पुरतात. यावरून उपग्रहाच्या घड्याळाशिवाय हे मापन का शक्य नव्हते ते उमगते. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी जाळे कोसळले तेव्हा, त्या वेळी मोजक्याच ठिकाणी बसवलेल्या अशा यंत्रांच्या नोंदी घटनाक्रम उलगडायला उपयोगी पडल्या, आणि नंतर देशभर ही यंत्रे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले.

कलासदिश काढताना एक गृहीतक मात्र कायम असते: मोजणीच्या कालखंडात तरंग स्थिर साइन तरंग आहे. वाहिनीत दोष उद्भवतो त्या क्षणी दाबाची कला एकदम उडी मारते, आणि उडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कालखंडातून निघालेले उत्तर ना आधीच्या स्थितीचे असते ना नंतरच्या. मानकाने म्हणूनच या यंत्रांचे दोन वर्ग केले: संरक्षणासाठीचा, जो लवकर उत्तर देतो पण गोंगाट कमी गाळतो, आणि मापनासाठीचा, जो अधिक गाळतो पण उशिरा बोलतो. ही निवड किती गंभीर आहे ते कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ रोजी दिसले. वणव्याच्या धुरामुळे ५०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर दोष घडले आणि तेवढ्यात सुमारे १,२०० मेगावॉट सौर वीज जाळ्यातून नाहीशी झाली. पुढील तपासात आढळले, की यांपैकी सुमारे ७०० मेगावॉटच्या इन्व्हर्टरांनी दोषाच्या वेळच्या विकृत तरंगावरून वारंवारता ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचे क्षणार्धात मोजले आणि ते स्वतःहून बंद पडले. प्रत्यक्षात जाळ्याची वारंवारता ५९.८ हर्ट्झच्या खाली गेलेलीच नव्हती. त्यानंतर वारंवारतेवरून बंद पडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ती अधिक काळ तपासून पाहावी, अशी सुधारणा तेथील इन्व्हर्टरांत करण्यात आली.